न आठवणारी माफी

मास्तरीणने त्या सकाळी शिकाऊ बाईला उजवीकडे वळायला सांगितलं आणि हात डावीकडे केला. शिकाऊ बाई बँकेत कॅशियर होती, चूक न करायची सवय लागलेली. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि ऐन चौकात गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले. एरवी अशा वेळी मास्तरीण आपल्या बाजूचा क्लच दाबून, दोन शब्द सुनावून गाडी पुढे काढत असे. शिकवायच्या गाडीला दोन्हीकडे पेडल असतात, आणि हिचा पाय शिकणाऱ्याच्या पायाआधी तिथे पोचतो अशी तिची ख्याती होती. त्या दिवशी पाय उचललाच नाही. पायाला लागलंबिगलं काही नव्हतं. तो फक्त ऐकत नव्हता, जेवायला दहा हाका मारून न उठणाऱ्या पोरासारखा.

शेवटी कॅशियरबाईनेच गाडी सुरू केली, कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. मास्तरीण तिच्याकडे बघून म्हणाली, "छान. आता मला सांग, आपण कुठे निघालो होतो?"

मास्तरीण हे तिचं टोपणनाव, पण आता घरचेही तेच वापरत. एका गॅरेजच्या वरच्या खोलीत तिचा वर्ग होता: भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता, चार खुर्च्या, आणि खाली उभी असलेली छोटी पांढरी गाडी. तिचा नवरा औषधांच्या दुकानात काउंटरवर असायचा. तो म्हणायचा, शहरातल्या अर्ध्या लोकांना हिने गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्यांनी हिचा आवाज ऐकून पायी जाणं पत्करलं.

गेले काही महिने तिच्यात काहीतरी बिघडत होतं, पण इतकं हळूहळू की नेमकं कशावर बोट ठेवावं ते कळत नव्हतं. ती पाय घासत चालायला लागली होती, जणू फरशीला कुणी गोंद फासून ठेवलाय. जिना उतरताना पहिल्या पायरीवर थबकून राही. कुठला पाय आधी टाकायचा, हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदा पडत होता. शिकणाऱ्यांच्या वेळा, किल्ल्या, गॅसवर ठेवलेलं दूध, सगळं निसटायचं. ती चहाचा कप हातात घेऊन बसे, आणि काही वेळाने चहा प्यायचा राहिलाय की पिऊन झालाय, तेच तिला ठरवता येत नसे. लघवीची घाई इतकी अचानक होई की गाडीच्या डिकीत तिने कपड्यांचा जादा जोड ठेवला होता आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी डोकं जड. वाकलं की डोळ्यांपुढे क्षणभर पडदा. याचं तिला वाईट वाटत होतं असंही नाही. नवलच जास्त वाटत होतं. आपल्याच घरात आपण पाहुणे आलोय आणि कुठली वस्तू कुठे असते ते विचारायची लाज वाटतेय, असं काहीसं.

नवऱ्याने त्याला वय म्हटलं. कंबर तर तिची दोन वर्षं दुखतच होती, पण ती धंद्याची कंबर. दिवसभर गाडीत बसणाऱ्यांची कंबर जायचीच, असं दोघं एकमेकांना सांगत आणि विषय संपे. नवरा दुकानातून गोळ्या आणी, पट्टा आणी. आडवं झालं की जास्त ठणकतं म्हणून ती हॉलमधल्या खुर्चीतच झोपू लागली होती, आणि त्याचीही घराला सवय झाली होती.

चौकातल्या त्या प्रकारानंतर कॅशियरबाईने तिला टॅक्सीने घरी सोडलं आणि नवऱ्याच्या दुकानात फोन केला. तो येईपर्यंत मास्तरीण घरात एकटी होती. त्या वेळात तिने आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

या दोघी बहिणी पाचसहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

धाकटी दुसऱ्या गावी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात मुकादम होती. चादरी वाफेच्या रोलरमधून सपाट होऊन बाहेर येत होत्या आणि ती त्यांच्या कडा तपासत होती, तेव्हा फोन वाजला. नंबर पाहून तिने बाजूच्या बाईच्या हातात चादर दिली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, भाऊजींचं काही बरंवाईट झालं.

"छकुले," पलीकडून आवाज आला, "आईला दे जरा फोन."

या नावाने तिला आता जगात कुणी हाक मारत नव्हतं. आई मारायची आणि ताई मारायची. आई गेली आणि ताईने तोंडाला कुलूप लावलं. धाकटी भिंतीला टेकली. ही थट्टा आहे का, टोमणा आहे का, तिला समजेना. पण आवाजात कडूपणाचा लवलेश नव्हता. शेवटी ती म्हणाली, आई झोपलीय.

"बरं. उठली की सांग, रविवारी येते मी." आणि फोन ठेवला गेला.

भांडणाचं कारण आईच होती. आई शेवटची काही वर्षं धाकटीकडे होती आणि एका दुपारी तिथेच गेली. मास्तरीणला कळवलं गेलं ते सगळं संपल्यावर. सकाळपासून आईचा श्वास अडखळत होता, डॉक्टर येऊन गेले होते, आणि तरी मोठीला फोन केला नाही, हे तिला नंतर शेजाऱ्यांकडून समजलं. तिने विचारलं, का? धाकटी गप्प राहिली. मास्तरीण म्हणाली, आईचं शेवटचं तोंड तू मला बघू दिलं नाहीस, आता तुझं तोंड मला दाखवू नकोस. तिथून दोघींचे रस्ते वेगळे झाले. नवऱ्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला तेव्हा दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि कानाला खडा लावला.

फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकटी रजा टाकून आली. दार मास्तरीणनेच उघडलं आणि, परवाच भेट झाल्यासारखं, चपला बाहेर काढ, फरशी पुसलीय, असं सांगून पाय घासत आत गेली. फरशी पुसलेली नव्हती. धाकटी तिच्या चालीकडे बघत उंबऱ्यातच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने भाऊजींना विचारलं की हे तुम्हाला दिसलं नाही का. भाऊजी म्हणाले, रोज बघतो ना, म्हणून दिसलं नाही. ते खरंच होतं, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा उतरला.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. वाकल्यावर पडदा येतो म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात दिवा धरून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की डोळ्यांच्या शिरांना मागून सूज आहे, तेव्हा चष्म्याचा नाद सोडा आणि डोक्याचा फोटो काढा. फोटोत निघालं की मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगल्या आहेत. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने नीट समजावलं. हे पाणी प्रत्येकाच्या डोक्यात असतं, रोज नवं तयार होतं, रोज जुनं शोषलं जातं; हिचं तयार होतंय पण शोषलं जात नाहीये. वाटेत कुठे गाठ नाही, अडथळा नाही, पूर्वी मार लागलेला नाही. मग का, असं नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाला, कधी कधी कारण सापडत नाही. पण डोळे वाचवायचे असतील तर पाणी बाहेर काढायला हवं, थांबून चालणार नाही.

डोक्यातून एक बारीक नळी कातडीखालून मानेतून, छातीवरून पोटात सोडायची, जादा पाणी पोटात उतरेल आणि तिथे जिरेल, असा तो उपाय होता. नवऱ्याने सही केली. डोक्यातलं पाणी पोटात, हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागला, पण दुकानात आयुष्य काढल्यामुळे डॉक्टरशी वाद घालायचा नाही एवढं त्याला ठाऊक होतं.

मास्तरीणला यातलं फारसं काही उमगत नव्हतं. इस्पितळाचा लांब बोळ तिला लायसन्सच्या ऑफिसचा वाटला. तिथे बाकांवर बसलेली माणसं परीक्षेला आली आहेत असं समजून तिने दोघांना धीर दिला. चाकाच्या खुर्चीवरून तिला नेणाऱ्या माणसाला तिने वळणावर इंडिकेटर दिला नाही म्हणून नापास केलं. तो हसला, धाकटीही हसली, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन रडून आली.

नळी बसली. आठवड्याभरात पाय फरशीवरून सुटायला लागले. डोळ्यांची सूज उतरू लागली. पण डोकं पूर्ण निवळलं नव्हतं. सकाळी चांगली बोले, दुपारी कुठेतरी हरवे. आई गेलीय हे तिला आता समजत होतं, पण त्यानंतर काय झालं, कोण कुणावर रागावलं, त्याचा मागमूस नव्हता. धाकटी घरी राहिली. रजा संपली तेव्हा तिने बिनपगारी रजा घेतली. ताईला अंघोळ घालणं, हात धरून जिन्यावरून चालवणं, सूप गार करून देणं, सगळं ती करत होती, आणि ताई तिला छकुले म्हणत होती. नवऱ्याला ते बघून बरं वाटे आणि भीतीही वाटे. हा समेट म्हणायचा की आजार, हे त्याला कळेना. विचारावं तरी कुणाला?

एका दुपारी मास्तरीणने गाडीत बसायचा हट्ट धरला. चालवायची नाही, नुसतं बसायचं. चौकातून आणवल्यापासून गाडी घराखालीच उभी होती. धाकटीने तिला खाली नेलं. ती शिकवणाऱ्याच्या जागेवर बसली आणि धाकटी स्टिअरिंगमागे, जिला गाडी येत नव्हती. किल्ली वर घरातच होती. नवरा गॅलरीतून बघत होता. काच बंद होती, आवाज येत नव्हता. धाकटी समोर बघत बराच वेळ बोलत राहिली. मग तिने तोंड झाकून घेतलं. मास्तरीणने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली, आणि हसली. वर आल्यावर धाकटीचे डोळे सुजलेले होते. भाऊजींनी विचारायच्या आतच ती म्हणाली, "भाऊजी, ताईने मला माफ केलं." त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर काही दिवसांतच पाय पुन्हा फरशीला चिकटले. मास्तरीण तासन् तास खिडकीत बसून राहायची, हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तपासात दिसलं की नळी तुंबली आहे. तरुण डॉक्टरने ती बदलायची ठरवली. पण आधी मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवून घेऊ म्हणाला, आणि तिथे गोष्टीने वेगळं वळण घेतलं.

डॉक्टरीणबाई फार बोलत नसत. त्यांनी फोटो पाहिले, मग फोटो बाजूला ठेवले. नळ्या तुंबतात, पण इतक्या लवकर का तुंबली, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग त्यांनी मास्तरीणच्या पाठीत खालच्या बाजूला सुई घालून थोडं पाणी काढलं. हे पाणी डोक्यापासून कण्याच्या टोकापर्यंत एकच असतं, आणि ते नळाच्या पाण्यासारखं नितळ असायला हवं. हिचं निघालं ते पिवळं, कोऱ्या चहासारखं, आणि बाटलीत थोडा वेळ ठेवलं तर साकळायला लागलं. जंतूंचा संशय घेऊन तपासलं. जंतू नव्हते. नुसतंच दाट.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आणि धाकटीला समोर बसवून विचारलं, डोकं सोडून हिला दुसरं काय होतं? नवरा म्हणाला, काही नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, मानेच्या खाली कुठेही काही? नवरा पुन्हा तेच म्हणणार होता, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई खुर्चीत झोपते."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग कंबर निघाली, गोळ्या निघाल्या, पट्टा निघाला. नवऱ्याने गोळ्यांचं नाव सांगितलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजवर इतक्या डॉक्टरांनी इतके प्रश्न विचारले होते, पण सगळे डोक्याचे. डोक्याच्या डॉक्टरला कंबर कशी सांगायची? ते तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला झालं असतं, असं तो पुटपुटला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. इथे गंमत अशी आहे, त्या म्हणाल्या, की तुम्ही इतके दिवस पखालीलाच औषध देताय आणि रेडा कमरेत बसलाय.

कमरेचा फोटो काढला. कण्याच्या नळीच्या खालच्या टोकाला, शिरांच्या जुडग्यात, द्राक्षाएवढी गाठ होती. दोन वर्षं ती तिथे हळूहळू वाढत होती. तिच्यातून पाझरणाऱ्या द्रव्याने सगळं पाणी दाट झालं होतं, आणि ते दाट पाणी डोक्यात जिथे जिरायचं तिथल्या चाळणीत बसलं होतं. वाट कुठेच अडलेली नव्हती, म्हणून फोटोत अडथळा दिसत नव्हता. असं क्वचित होतं, बाई म्हणाल्या, आपल्या सगळ्या नोकरीत त्यांनी हे एकदोनदाच पाहिलं होतं. धाकटीने भीत भीत विचारलं की गाठ कसली. काढल्याशिवाय सांगता येणार नाही, पण चेहऱ्यावरून तरी साधी वाटते, असं उत्तर मिळालं. गाठीलाही चेहरा असतो, हे त्या दोघांना नवीन होतं.

आधी नळी बदलली, मग गाठ काढली. ती साधीच निघाली. त्यानंतर आठवड्यागणिक मास्तरीण परत येत गेली. आधी पाय आले, मग लघवीवरचा ताबा आला, मग आवाज आला. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलाने गाडी वेडीवाकडी लावली म्हणून तिने त्याला खिडकीतून सुनावलं, तेव्हा नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. ती आता आडवी झोपत होती. चहा प्यायलाय की नाही, हे तिला ठाऊक असे.

आणि एका सकाळी धाकटी थर्मास घेऊन आत आली तेव्हा मास्तरीणने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. धाकटी बाहेर गेल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "ही इथे काय करतेय?"

नवऱ्याने सांगायला सुरुवात केली. तूच फोन केलास, तूच छकुले म्हणालीस. मास्तरीणला यातलं काही आठवत नव्हतं. चौकात गाडी बंद पडली ते पुसट आठवत होतं, आणि नंतर एकदम ही खाट. मधले महिने नव्हतेच. पण त्याआधीचं सगळं लख्ख होतं: धाकटीचं घर, आईचं झाकून ठेवलेलं अंथरूण, शेजारणीचं ते बोलणं, आपला प्रश्न आणि धाकटीचं गप्प राहणं. राग जिथे ठेवला होता तिथेच होता. नवरा म्हणाला, अगं, पण तू तिला माफ केलंस. ती म्हणाली, मी? कधी? तो म्हणाला, गाडीत. आणि त्याचं त्यालाच ते हास्यास्पद वाटलं. बायकोचं डोकं आता साफ होतं आणि त्याचं स्वतःचं चक्रावून गेलं होतं.

धाकटीला कुणी काही सांगावं लागलं नाही. भिंतीकडे वळलेली पाठ तिला ओळखीची होती. घरी सोडेपर्यंत तिने सगळं केलं, पण जेवढ्यास तेवढं बोलून.

इस्पितळातून निघताना मास्तरीणने डॉक्टरीणबाईंना गाठलं. गेलेले महिने परत येतील का? बाईंनी सांगितलं की बहुधा नाही. ते हरवलेले नाहीत, ते साठवलेच गेले नव्हते. मग मास्तरीणने, जरा आवाज खाली आणून, दुसरा प्रश्न विचारला. त्या काळात माणूस जे बोलतं, ते त्याचंच असतं का? मनातलं असतं, की पाणी बोलतं?

डॉक्टरीणबाईंनी विचार केला. "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "खरंच नाही."

हे उत्तर घेऊन ती घरी आली. धाकटी आतल्या खोलीत बॅग भरत होती. हॉटेलातल्या चादरींसारखे तिने स्वतःचे कपडे चौकोनी घडी घालून ठेवले होते. मास्तरीण काठी टेकत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"मी तुला माफ केलं म्हणतात," मास्तरीण म्हणाली.

"म्हणतात नाही. केलंस."

"काय म्हणाले मी?"

धाकटी घडी मोडून पुन्हा घालायला लागली. म्हणाली, "ताई, ते सगळं मी एकदा सांगितलंय. सांगायला मला इतकी वर्षं लागली. आता परत नको."

"मला माहीत नाही ना पण. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि मलाच नाही. माझंच असून."

धाकटी उभ्यानेच सांगायला लागली, बॅगेकडे बघत. त्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले आणि त्यांनी मान हलवली. तिने फोन हातात घेतला. आई शुद्धीवर होती. आईने तिचं मनगट पकडलं आणि म्हणाली, मोठीला कळवू नकोस. ती गाडी पळवत येईल.

मास्तरीणने कपाळावरून बोट फिरवलं. वडील पडले होते तेव्हा ती अशीच निघाली होती. साऱ्या जगाला सावकाश चालवायला शिकवणारी बाई त्या दिवशी सिग्नल न बघता सुटली होती आणि दुभाजकावर गाडी चढवून पोचली होती, कपाळातून रक्त येत. वडिलांना साधं खरचटलं होतं. टाके हिला पडले. आई त्या दिवशी वडिलांच्या नाही, हिच्या उशाशी बसून होती.

"आणि तू ऐकलंस तिचं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी टॅक्सीने आले असते."

"आली असतीस?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं. पण म्हणून मास्तरीणचा राग गेला असंही झालं नाही. उलट एक नवाच राग आला, आणि तो कुणावर हे तिला समजेना: आईवर, जी शेवटच्या श्वासालाही मोठीची काळजी करत होती, की धाकटीवर, की स्वतःवर. तिने विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? धाकटी म्हणाली, काय सांगू? तुझ्या गाडी चालवण्यामुळे तुला आईचं तोंड दिसलं नाही, हे त्या दिवशी तुला सांगायचं होतं?

बाहेर नवरा कपबश्या विसळत होता. एरवी तो कधी इतका वेळ विसळत नसे.

"मग मी काय म्हणाले? गाडीत."

"म्हणालीस, आईला माझा पाय चांगला ठाऊक होता. आणि हसलीस. मग म्हणालीस, बरं केलंस छकुले, नाहीतर दोघींना एकदम पोचवावं लागलं असतं."

मास्तरीणने ते ऐकलं. वाक्य तिचंच होतं, यात शंका नव्हती. असं दुसरं कुणी बोललं नसतं. तिने ते हसू आपल्या आत शोधून पाहिलं. सापडलं नाही.

"मला आत्ता नाही हसू येत," ती म्हणाली.

"नाही तर नाही."

"माफ केलं असंही म्हणवत नाही. खोटं होईल."

धाकटीने बॅगेची चेन लावली. त्या बाईने माफ केलं ते मला पुरे आहे, ती म्हणाली, ती तूच होतीस की नाही ते तुझं तू बघ. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मास्तरीणने तिला जाऊ नको म्हटलं नाही. पण जिन्यापर्यंत तिच्या मागे आली, काठी विसरून, आणि परत फिरताना आपण काठीविना चालत आलो हे लक्षात येऊन तिथेच गोंधळून उभी राहिली.

पुढचे फोटो चांगले आले. पोकळ्या आकसत होत्या. नळी तशीच ठेवली, लागली तर असावी म्हणून. काही महिन्यांनी डोळ्यांच्या आणि डोक्याच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मास्तरीण पुन्हा गाडीत बसली. कॅशियरबाई तोवर दुसरीकडे शिकून पास झाली होती, तरी लायसन्स दाखवायला मुद्दाम येऊन गेली.

धाकटीला मात्र फोन करणं जमत नव्हतं. मास्तरीण नंबर काढून बसे आणि काय बोलायचं ते न सुचून ठेवून देई. माफी मागायची की द्यायची, हेच ठरत नव्हतं. एक मन म्हणे, तू ती आधीच दिलीयस, आता परत घेणं शोभत नाही. दुसरं म्हणे, न आठवणाऱ्या देण्याला मी कशी बांधली गेले? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, मला गोळ्यांतलं विचार.

मग एक दिवस गाडीच्या सीटची स्प्रिंग कव्हरातून वर आली आणि कव्हरावर गंजाचा मोठा डाग पडला. साबणाने गेला नाही. मास्तरीणने कव्हर मांडीवर घेतलं, डागाकडे बघत बसली आणि धाकटीला फोन लावला. पलीकडे वाफेचा आणि यंत्रांचा आवाज होता. तिने डागाबद्दल विचारलं. धाकटीने कापड कुठलं, रंग पक्का आहे का, आधी काय काय लावून बघितलंस, सगळं विचारून घेतलं, आणि ब्लीच लावलं होतं म्हटल्यावर चांगली खडसावली. मास्तरीणही चिडली. पाच मिनिटं दोघी डागावरून भांडल्या. मग धाकटी म्हणाली की रोलर रिकामा चाललाय, ठेवते, आणि ठेवला.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने अंदाज घेत विचारलं, "काय झालं? मिटलं का?"

"लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचं म्हणाली," मास्तरीण म्हणाली, आणि लिंबू आहे का ते बघायला उठली.